अरबी की भीमथडी? घोडदौड आणि चंदीचा हिशेब

१/
वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात सुट्टीच्या दिवशी एखादी महागडी स्पोर्ट्स कूपे दिसली, की तरुणांच्या घोळक्यात एक वाद हमखास रंगतो. दोन नामांकित गाड्यांपैकी ट्रॅकवर वेगवान कोणती आणि रोज बाळगायला सोयीची कोणती? या दोन प्रश्नांचे उत्तर क्वचितच एक येते. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच मुलखात हाच प्रश्न घोड्यांविषयी विचारला जात होता, आणि त्याच्या उत्तरावर राज्ये उभी राहत किंवा कोसळत होती. (थ्रेड)

२/
मराठ्यांच्या घोडदळाविषयी दोन मते लोकप्रिय आहेत. पहिले असे, की चपळ दख्खनी तट्टांनी अवजड शाही घोड्यांना पळता भुई थोडी केली. दुसरे असे, की पानिपतावर अफगाणांच्या तुर्की घोड्यांपुढे ही तट्टे टिकली नाहीत. मते परस्परविरुद्ध असली तरी दोन्हींची मोजपट्टी एकच आहे: मैदानावरची दौड. ही मोजपट्टीच अपुरी आहे. घोड्याची खरी किंमत चंदी, वैरण, नाल, पावसाळा आणि मालकी या पाच गोष्टींनी ठरत असे.

३/
आधी दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची ओळख. अरबी आणि इराणी घोडे इराणच्या आखातातून जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर उतरत. तुर्की घोडे मध्य आशियातून खुष्कीच्या मार्गाने येत. उंच, डौलदार आणि छोट्या अंतरावर विजेसारखे. भरधाव धडक देऊन शत्रूची फळी फोडायची असेल, तर त्यांना तोड नव्हती. चिलखत घातलेला स्वार आणि जड खोगीर पेलण्याची ताकद त्यांच्या अंगी होती.

४/
दुसरा प्रतिस्पर्धी भीमा आणि नीरा नद्यांच्या काठचा. भीमथडी आणि नीरथडी ही नावेच मुळी नदीकाठावरून पडली. स्थानिक तट्टे आणि बाहेरून आलेले अरबी-तुर्की घोडे यांच्या संकरातून हा घोडा घडला, असे सामान्यतः मानले जाते. बुटका, काटक, कठीण खुरांचा, खडकाळ माळावर आणि अरुंद घाटवाटांवर न अडखळणारा. दिसायला मात्र मानाचा नाही.

५/
हा मान-अपमान कागदावरही उतरला होता. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त घोड्यांच्या सात प्रती दिल्या आहेत: अरबी, इराणी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगली. अगदी वर अरबी. देशी घोड्यांतील हलक्या मालाला नाव होते तट्टू. भाषेनेही तोच निवाडा उचलला. आजही कोणाला हिणवायचे असेल तर ‘भाडोत्री तट्टू’ म्हटले जाते. ‘भाडोत्री अरबी’ कोणी म्हणत नाही.

६/
पण विकत घेणे आणि बाळगणे यांत केवढी दरी असते, हे तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने टिपून ठेवले आहे. दक्षिणेतले राजे आखातातून दरवर्षी मोठ्या किमतीचे घोडे घेत आणि त्यांतले बहुतेक थोड्याच काळात मरत. कारण काय? चारा चुकीचा, निगा चुकीची आणि नालबंदांचा अभाव. घोडे विकणारे व्यापारी मुद्दामच नालबंद तिकडे येऊ देत नाहीत, असे तो सांगतो. घोडा मेला तरच पुढच्या वर्षी नवा खपणार!

७/
याच प्रवासवर्णनात ठाण्याचाही उल्लेख आहे. तेथील राजाने समुद्री चाच्यांशी बोली केली होती, असे मार्को पोलो लिहितो: लुटीतला बाकी माल चाच्यांचा, घोडे तेवढे राजाचे. उत्तम घोड्याची हाव राजालाही चाच्यांच्या पंगतीला बसवत होती. परदेशी घोड्यावर उभे असलेले लष्कर समुद्रावरच्या एका दोरीला बांधलेले असते, आणि ती दोरी नेहमीच दुसऱ्याच्या हातात असते. पुढे पोर्तुगीजांनी ती गोव्यातून ओढली.

८/
दख्खनच्या घोड्याची कुवत ओळखून तिच्याभोवती युद्धतंत्र उभारणारे मोठे नाव म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. मराठा स्वारांच्या हलक्या तुकड्या घेऊन त्याने मोगल फौजांची रसद तोडली, तळांवर अचानक छापे घातले आणि समोरासमोरची लढाई शक्य तेवढी टाळली. ‘बर्गीगिरी’ म्हणून हे तंत्र ओळखले गेले. १६२४ची भातवडीची लढाई याच काळातली. ज्या शर्यतीत आपला घोडा हरणार, ती शर्यतच मान्य करायची नाही, हे या तंत्राचे सार.

९/
आता वाई. १६५९मध्ये अफझलखानाने येथे तळ दिला. वाईचा सुभा त्याच्याकडे पूर्वीपासून होता. हा मुलूख त्याच्या ओळखीचा होता. साधनांत त्याच्या घोडदळाचा आकडा दहा-बारा हजारांच्या घरात सांगितला जातो. या ठिकाणी तलवारी बाजूला ठेवून थोडे गणित करून पाहावे.

१०/
मध्यम चणीच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडी वैरण आणि चंदी लागते असे धरले, तर दहा हजार घोड्यांना दिवसाला सत्तर ते ऐंशी टन खाद्य लागेल. एका बैलाच्या पाठीवर शे-सव्वाशे किलोंचे ओझे धरले, तरी रोज सहा-सातशे बैल तळावर रिकामे व्हायला हवेत. यात हत्ती, उंट, ओझ्याची जनावरे आणि माणसे धरलेलीच नाहीत. कृष्णाकाठची सुपीक वाई हा भार काही काळ पेलू शकत होती. जावळीचे रान पेलू शकत नव्हते.

११/
म्हणूनच वाईहून जावळीत उतरणे हा वेगळ्या प्रकारचा निर्णय होता. महाबळेश्वराच्या पठारावरून रडतोंडीच्या घाटाने खाली पार गावाकडे येताना घोड्याची दौड कवडीमोलाची ठरते. तेथे लागतात ते पाय आणि दम. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जे घडले ते सर्वश्रुत आहे. पण सरळ मैदानावर ज्याच्या धडकेला जोड नव्हता, तो घोडा त्या दिवशी झाडीत केवळ एक अडकलेले जनावर होता, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

१२/
त्यानंतरचे अठरा दिवस मात्र घोड्यांचेच होते. वाई हाती आली, नेताजी पालकरांचे घोडदळ सुटले आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात दाखल झाला. वाईपासून पन्हाळा दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वाटेत ठाणी घेत, मुलखाचा बंदोबस्त करत इतके अंतर कापायचे, तर एका तासाचा वेग उपयोगी नसतो. आज चाललेला घोडा उद्याही चालला पाहिजे आणि परवाही.

१३/
येथेच पहिल्या लोकप्रिय मताला छेद जातो. सभासदाच्या बखरीप्रमाणे प्रतापगडच्या युद्धात चार हजार घोडे हाती लागले. ते कोणी सोडून दिले नाहीत. ते पागेत आले. अरबी किंवा तुर्की घोडा मराठ्यांना नको होता, ही कल्पना निव्वळ काव्य आहे. ऐपत असलेला प्रत्येक सरदार उंची घोडा बाळगत असे. फरक एवढाच, की संपूर्ण लष्कराचा डोलारा त्याच्यावर उभा नव्हता.

१४/
मग तो उभा कशावर होता? सभासद पागेची रचना सांगतो: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि सर्वांवर सरनोबत. या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा तपशील मात्र पोवाड्यांत येत नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. दक्षिणेतल्या राजांना हजारो घोडे विकत घेऊनही जे जमले नव्हते, ते येथे प्रत्येक तुकडीच्या पोटात बसवलेले होते.

१५/
पावसाळा हा घोड्याचा मोठा शत्रू. ओल्या जमिनीत खूर सडतात, गवत कुजते, वाटा बंद होतात. स्वराज्याचे लष्कर पावसाळ्यात छावणीला परते. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेल्या पागा आधीच सज्ज असाव्यात, अशी व्यवस्था होती. दसऱ्याला लष्कर पुन्हा बाहेर पडे आणि आठ महिने परमुलखावर पोट भरे. वर्षाचे वेळापत्रक घोड्याच्या खुरांनी आखले होते.

१६/
या व्यवस्थेचा सर्वांत जिवंत पुरावा म्हणजे राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले, चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील लष्कराला लिहिलेले शिवाजी महाराजांचे प्रसिद्ध पत्र. त्याचा आशय असा: दाणा आणि गवत आताच मनमानी खर्चाल, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग लोक रयतेच्या घरात शिरून धान्य, लाकूडफाटा, भाजी ओढू लागतील आणि रयत म्हणेल, याहून मोगल बरे.

१७/
पत्र तेथेच थांबत नाही. कोणी आगट्या पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, रात्री कोणाचा दिवा जळता राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळून जातील, इथपर्यंत इशारा आहे. राज्यकर्ता उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो, ही गोष्ट गमतीची वाटेल. पण गंजी जळाली तर पागा उपाशी, पागा उपाशी तर रयत लुटली जाणार आणि रयत लुटली गेली तर राज्य गेले. घोड्याच्या तोबऱ्यापासून राजनीतीपर्यंत जाणारी ही साखळी त्या पत्रात सलग दिसते.

१८/
आता मालकीचा प्रश्न. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदार घोड्याला जिवापाड जपतो, हा फायदा. तोटाही त्यातच आहे. घोडा मेला की त्याची उपजीविका गेली. म्हणून ऐन लढाईत तो घोडा पुढे घालायला कचरतो. मोगल लष्कराचा अभ्यास करणाऱ्या विल्यम अर्विन या इतिहासकाराने नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते. बारगिराला ही धास्ती नाही; पण दुसऱ्याच्या घोड्याला रात्री उठून खरारा कोण करणार?

१९/
स्वराज्याने यावर काढलेला तोडगा साधा होता. पागा प्रबळ ठेवायची आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली वागवायचे. बारगिराच्या निष्काळजीपणावर हवालदाराची नजर, शिलेदाराच्या कचरण्यावर पागेचा वचक. अरबी श्रेष्ठ की भीमथडी, या वादापेक्षा घोडा कोणाचा आणि त्याच्या चंदीचा जबाब कोण देणार, हा वाद अधिक मोलाचा आहे हे ज्याने ओळखले, त्याचे लष्कर वर्षानुवर्षे चालले.

२०/
उलट उदाहरणही याच सातारा परिसरात आहे. डिसेंबर १६८७मध्ये वाईजवळच्या लढाईत सरनोबत हंबीरराव मोहिते तोफेचा गोळा लागून पडले. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण घोडदळाचा कारभारी हरपला. पुढे १७००मध्ये औरंगजेबाने सातारा आणि परळी हे किल्ले घेतले. कागदावर हा विजय होता. त्यानंतर भर पावसात शाही छावणी भूषणगडाकडे निघाली. फार दूर नसलेल्या त्या ठिकाणी पोहोचायला तिला महिन्याहून अधिक काळ लागला. पूर आलेल्या नद्या आणि चिखल यांत ओझ्याची असंख्य जनावरे मेली. तत्कालीन हिंदुस्थानातले सर्वांत श्रीमंत लष्कर आपली जनावरे पावसापासून वाचवू शकले नाही.

२१/
अठराव्या शतकात चित्र पालटले. स्वाऱ्या नर्मदेपलीकडे गेल्या, सरंजामी सरदारांच्या फौजा वाढल्या आणि घोड्यामागे सावकाराचा पैसा उभा राहिला. वाई याचीही साक्षीदार आहे. येथील रास्ते घराणे सावकारीतून वर आले आणि पुढे पेशव्यांच्या घोडदळातले मातबर सरदार झाले. भिकाजी नाईक रास्त्यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांची पत्नी. तिचा पुत्र विश्वासराव. म्हणजे पानिपतावर पडलेल्या विश्वासरावाचे आजोळ वाईचे.

२२/
पानिपताचा प्रश्न टाळता येणार नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीचे घोडदळ चांगल्या तुर्की घोड्यांवर होते आणि सपाट मैदानावर त्याची धडक भारी ठरली, हे मान्यच करायला हवे. पण त्या दिवशी समोर उभा असलेला मराठ्यांचा घोडा कोणत्या अवस्थेत होता? ऑक्टोबरच्या अखेरीपासून अडीच महिने छावणी कोंडलेली. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. वैरण संपली, घोडी तळावरच मरू लागली. उपाशी जनावराच्या पराभवावरून त्याच्या वाणाची परीक्षा करणे हा न्याय नव्हे.

२३/
म्हणून दुसरे लोकप्रिय मतही अर्धवट आहे. पानिपतावर दख्खनी घोड्याची जात हरली असे म्हणण्यापेक्षा, हलवर्णच्या पत्रातला धडा शेकडो कोसांवर विसरला गेला असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. दसऱ्याला निघून पावसाळ्यापूर्वी परतणारे, कुटुंबकबिला सोबत न नेणारे लष्कर वेगळे. यात्रेकरू, बुणगे आणि बाजारहाट घेऊन महिनोन्‌महिने एका जागी अडकलेले लष्कर वेगळे. घोडा कदाचित तोच असेल. त्याला बाळगण्याची रीत तीच राहिली नव्हती.

२४/
यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. सगळेच चंदी-वैरणीवर ढकलले, तर नेतृत्व, शौर्य, तोफखाना यांचे काय? त्यांचे महत्त्व कमी होत नाही. पण ते गुण लढाईच्या दिवशी कामाला येतात, आणि वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस लष्कराला नुसते जिवंत राहायचे असते. त्या दिवसांचा इतिहास लिहिला जात नाही, कारण त्यात पोवाडा नाही. पखालजीचे नाव कोणाला आठवते?

२५/
मराठी भाषेने मात्र थोडी आठवण जपली आहे. पागे, पागनीस, शिलेदार ही आडनावे, ‘खोगीरभरती’सारखा शब्द, पुण्यातली हुजूरपागा, जेथे पेशव्यांची घोडी बांधली जात आणि जेथे १८८४मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. इंग्रजांनी शिलेदारी पद्धतच आपल्या देशी रिसाल्यांत उचलली. पहिल्या महायुद्धात दूरदेशी घोडे आणि वैरण पुरवणे त्या पद्धतीला झेपेना, आणि लवकरच ती मोडीत निघाली. दौड कमी पडली म्हणून नव्हे. येथेही हिशेब चुकला तो बाळगण्याचाच.

२६/
भीमथडी घोडा आज संपलेला नाही. वर्षातले कित्येक महिने मेंढरांमागे रान तुडवणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडांत तो अजून ओझी वाहतो. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच त्याची स्वतंत्र वाण म्हणून नोंद केली. पुतळ्यांवरचे घोडे मात्र बहुधा उंच मानेचे, अरबी धाटणीचेच असतात. ज्याने पाठीवर स्वराज्य वाहिले, त्याला शिल्पात जागा नाही. ज्या समाजाने त्याला आजवर सांभाळले, त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात क्वचित येते. नोंद झाली हे चांगलेच झाले. पण चराऊ राने आटत गेली, तर कागदावरची नोंद कोणत्या घोड्याचे पोट भरणार?

२७/
वाईला जाणारे तरुण कृष्णेच्या घाटावर उभे राहून गणपतराव रास्त्यांनी १७६२मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ पाहतात. पानिपतानंतर जेमतेम वर्षभराने उभे राहिलेले हे देऊळ जरूर पाहावे. याच पाण्यावर कधी आदिलशाही तळाची, कधी स्वराज्याच्या पागेची तहान भागली असेल, हेही तेथे ध्यानात घ्यावे. आणि पुढच्या वेळी कोणत्याही लढाईचे वर्णन वाचताना, घोडा किती वेगाने धावला हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: घोडा कोणाचा होता? आणि आदल्या रात्री त्याच्या तोबऱ्यात काय होते?

(समाप्त)